पडद्यावरचा निळा, कापडावरचा निळा

कल्याण सोडून लोकल अंबरनाथकडे निघाली की रुळांच्या पूर्वेला उल्हासनगरचे कॅम्प ४ आणि कॅम्प ५ पसरलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तेथे आलेले सिंधी निर्वासित, १९४९ साली मिळालेले उल्हासनगर हे नाव, हा इतिहास ठाणे जिल्ह्याला तोंडपाठ आहे. कॅम्प ५ म्हटले की आज मात्र डोळ्यांपुढे जीन्स येते. गल्लीबोळांतून कटिंग, शिलाई, काज-बटण चालू असते आणि येथला माल देशभरच्या बाजारांत जातो. पूर्वी व्यापारी स्वतः येत, कापड चिमटीत धरून पाहत, घासाघीस करीत. आता पहिली पसंती पुष्कळदा मोबाइलवर आलेल्या फोटोवरून होते, आणि माल पोचला की भांडण सुरू होते. दाखवला तो रंग हा नव्हेच!

गंमत पाहा. कापड मोजायच्या मीटरपट्टीवर सरकारी शिक्का असावा लागतो. दुकानातला तराजू ठरावीक मुदतीने वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावा लागतो. परंतु रंगाचा व्यवहार ज्या पडद्यावर होतो त्याच्यावर कोणाचाही शिक्का नाही. विकणाऱ्याची पट्टी वेगळी, घेणाऱ्याची वेगळी, आणि दोघेही आपलीच खरी म्हणून हमरीतुमरीवर येतात.

याचे मूळ आपल्या जुन्या सवयीतही आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, तेव्हा पैसे मोजलेत तर रंग पुरेपूर दिसलाच पाहिजे, अशा हिशेबाने घरोघरी रंगाचे बटण शेवटपर्यंत पिळले गेले. बातम्या देणाऱ्यांचे चेहरे शेंदरी दिसले तरी कोणाची हरकत नव्हती. आजचे मॉनिटर आणि मोबाइल दुकानातूनच तसे पिळून येतात. भडक रंग खपतो, हे बनवणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

शिक्का नसला तरी माप मात्र आहे. १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी 'एसआरजीबी' नावाचे प्रमाण मांडले आणि १९९९ साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पडद्याचे तांबडा, हिरवा आणि निळा हे मूळ रंग नेमके कोणते, पांढरा म्हणजे कोणता, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची चढण कशी असावी, एवढे त्यात ठरलेले आहे. पांढरा ६५०० केल्विनचा, म्हणजे भरदिवसाच्या उजेडासारखा. चढणीला गॅमा म्हणतात, आणि तिचा आकडा सुमारे २.२.

ही चढण कॅम्प ५ च्या धंद्याला विशेष महत्त्वाची आहे. संगणक प्रत्येक मूळ रंगाला शून्य ते २५५ असा आकडा देतो. मधला १२८ हा आकडा निम्मा उजेड देईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो जेमतेम पाचवा हिस्सा देतो. गडद जीन्सचा सगळा कारभार बहुतांशी शून्य ते साठ-सत्तरच्या दरम्यान, म्हणजे एकूण उजेडाच्या पाच-सहा टक्क्यांत आटोपतो. कच्चा गडद निळा, एक धुलाई झालेला निळा, काळपट निळा या सर्व छटा तेवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसलेल्या असतात. पडद्याचा काळा भाग जरा बिघडला की त्या साऱ्या एकाच डबक्यात बुडतात. लाल साडीचा फोटो बिघडलेल्या मॉनिटरवरही खपून जाईल, गडद जीन्सचा खपत नाही.

जुळवणी करायची ती अशी. मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा. खिडकीचे ऊन किंवा दिव्याची तिरीप पडद्यावर पडू देऊ नये. 'व्हिव्हिड', आपोआप बदलणारा कॉन्ट्रास्ट, रात्रीचा पिवळा उजेड, ही सगळी लाडीगोडी आधी बंद करावी. मग टेबलावर कोरा पांढरा कागद ठेवावा आणि पडद्याचा पांढरा त्याच्या आसपास येईपर्यंत उजेड उतरवावा. पडदा दिव्यासारखा जळत असेल तर तो जास्त आहे. मापात सांगायचे तर दर चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला पुरेसे होतात. काळ्याच्या शेजारच्या पाच-सहा गडद पट्ट्या वेगवेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. विंडोजमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' असा शोध घेतला की या पायऱ्या एकामागून एक समोर येतात आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पण येथे परीक्षक आपला डोळा, आणि डोळा मोठा समजूतदार साक्षीदार. पिवळ्या दिव्याखाली दहा मिनिटे बसलात की तो पिवळ्यालाच पांढरा म्हणू लागतो. म्हणून धंदा रंगाचा असेल तर कलरीमीटर घ्यावा. हे छोटे यंत्र पडद्यावर टेकवले की पडदा एकामागून एक रंग दाखवतो, यंत्र ते मोजते आणि चूक भरून काढणारी 'प्रोफाइल' नावाची फाइल तयार करते. पडदा वयाबरोबर मंदावतो, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी हे पुन्हा करावे.

फोटोच चुकीच्या उजेडात काढला असेल तर उत्तम मॉनिटरही ती चूक इमानेइतबारे दाखवील. आपल्या आया-मावश्या साडी दुकानाच्या दारात नेऊन उन्हात पाहत. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घ्यायला जाताना साडीच बरोबर नेत. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, हे त्यांना पदार्थविज्ञान न शिकता कळले होते. फोटो काढतानाही चौकटीच्या एका कोपऱ्यात राखाडी कार्ड ठेवले तर उजेडाची झाक नंतर काढता येते. मात्र मोरपंखी, चिंतामणी अशा काही झगझगीत छटा एसआरजीबीच्या आवाक्याबाहेरच आहेत, तेथे कितीही जुळवणी केली तरी पडदा फिकाच राहणार.

या चुकीची किंमत फक्त व्यापारी मोजत नाही. पडद्यावर पसंत केलेली शेड हाती आल्यावर पटली नाही की लॉट पुन्हा धुलाईला जातो, म्हणजे पुन्हा पाणी आणि पुन्हा रसायने. उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या सांडपाण्याने वालधुनीचे काय केले ते येथल्या लोकांनी नाक दाबून पाहिले आहे. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि येथले अनेक धुलाई कारखाने बंद झाले.

समोरच्याचा मोबाइल आपल्या हातात नाही, तो त्याला हवा तसा भडक ठेवणारच. आपला पडदा मोजून घेतलेला असला तर चूक आपल्याकडची नाही एवढे तरी ठामपणे सांगता येते. आणि मोठी ऑर्डर असेल तर वीतभर कापडाचा तुकडा कुरियरने पाठवावा, सोबत एका ओळीची चिठ्ठी जोडावी, की हा दुपारी दारात, उन्हात पाहावा.