रक्तांतील विळा

बीं तसें पीक, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. बीं बाहेरून टपोरें असूनही पोटांत दोष दडलेला असावा व तो पुढच्या पिढींत प्रकट व्हावा, हाही आपल्या नित्य अनुभवांतला प्रकार. मनुष्यदेहांतील असाच एक दोष नांदेड जिल्ह्यांतील किनवट-माहूरच्या डोंगराळ मुलखांत आढळतो. त्यास सिकलसेल म्हणतात. आदिवासी समाजांत तो विशेष असला तरी इतर जातींतही आहे. म्हणून नांदेड व लातूरकडील आमच्या वाचकांनीं त्याचें स्वरूप समजून घेणें अवश्य आहे.

रक्ताचा तांबडेपणा हिमोग्लोबिन नांवाच्या प्रथिनामुळें येतो. प्राणवायु सर्वांगास पोंचविणें हें त्याचें काम. तें कसें घडवावें याचा आराखडा जनुकांत असतो. या प्रथिनाच्या बीटा साखळींत १४६ दुवे असतात; जनुकांतील दोषामुळें त्यांतला सहावा दुवा बदलतो. मग प्राणवायु सोडतांच हिमोग्लोबिनच्या कांड्या बनतात व वाटोळी रक्तपेशी विळ्यासारखी वांकडी होते. काडीकचऱ्यानें पाट तुंबावा तशा या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात व हाडेंसांधे असह्य दुखूं लागतात. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस टिकते. ही १० ते २० दिवसांतच नाश पावते. त्यामुळें रोगी फिकट व थकलेला दिसतो. हा प्रथिनाच्या घडणीचा रोग आहे, हें लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९४९ सालीं दाखविलें. हिंदुस्थानांत तो १९५२ सालीं प्रथम निलगिरी पर्वतांतील लोकांत आढळला.

हें जनुक देहाच्या बहुतेक पेशींत असतें; मग तें सर्वत्र काम कां करीत नाहीं? जनुकांचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या गुंडाळीस क्रोमॅटिन म्हणतात. पेवाचें तोंड बंद असल्यास दाणा बाहेर येत नाहीं, तसें गुंडाळी घट्ट असेल तेथें जनुक स्वस्थ राहतें. गर्भावस्थेंत निराळें हिमोग्लोबिन बनविणारें जनुक उघडें असतें. जन्मानंतर कांहीं महिन्यांत तें बहुतांशीं मिटतें. ज्यांचें तें थोडेंफार चालू राहतें, त्यांस त्रास कमी होतो. हायड्रॉक्सियुरिया या औषधानेंही हें हिमोग्लोबिन वाढतें. तें जनुक पुन्हा जागें करणाऱ्या एका उपचारास २०२३ सालीं ब्रिटन व अमेरिकेंत मान्यता मिळाली. परंतु त्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेरचा आहे.

दोष माता व पिता या दोघांकडूनही आला तरच हा रोग होतो. एकाकडून आल्यास मनुष्य केवळ वाहक असतो व बहुधा निरोगी राहतो. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भाच्या वेळीं अपत्य रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो.

यास्तव सोयरीक ठरवितांना टिपणाबरोबर रक्ताचा दाखलाही पाहावा. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून सरकारी आरोग्यसंस्थांतून तपासणी होते. वाहक असणें हा कलंक नव्हे. दोष लपविणें मात्र लेकरांस भोंवतें.

आणखी एक विनंति. थंडी, तहान व अतिश्रम यांनीं या रोग्याची वेदना उसळते. शेतावरचा एखादा गडी वारंवार अंग दुखतें म्हणून बसूं लागला, तर त्यास कामचुकार ठरविण्यापूर्वीं पाणी व विसांवा द्यावा आणि त्याचें रक्त तपासून घेण्याची व्यवस्था करावी.