हरणारें सैन्य कां लढतें?

जयाची आशा असेपर्यंत सैनिक लढतो, यांत नवल नाहीं. पराजय डोळ्यांसमोर दिसत असतांहि तो बंदूक खालीं ठेवीत नाहीं, हें मात्र कोडें आहे. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन सैन्य हें त्याचें ठळक उदाहरण होय. १९४४ च्या उन्हाळ्यांत दोस्तांच्या फौजा नॉर्मंडींत उतरल्या आणि पूर्वेस सोव्हिएट सैन्यानें बेलोरशियांतील जर्मन आघाडी उद्ध्वस्त केली. निकाल तेव्हांच लागल्यासारखा होता. तरी लढाई मे १९४५ पर्यंत चालली. इतिहासकार रूडिगर ओव्हरमन्स यांच्या हिशेबाप्रमाणें त्या वर्षाच्या जानेवारीपासून अखेरपर्यंत १२ लाखांहून अधिक जर्मन सैनिक मरण पावले.

एडवर्ड शिल्स व मॉरिस जॅनोविट्झ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनीं युद्धकैद्यांच्या जबान्या तपासून १९४८ मध्यें एक उत्तर दिलें. सामान्य शिपायास बांधून ठेवणारी शक्ति नाझी मतांपेक्षां त्याच्या तुकडीची होती, असें त्यांना आढळलें. एकत्र जेवणारे, एका खंदकांत झोपणारे चार सोबती आणि त्यांची विचारपूस करणारा नायक, एवढेंच त्याचें जग. तें शाबूत असेतों शत्रूच्या राजकीय पत्रकांचा त्यावर फारसा परिणाम होत नसे. तें मोडलें, म्हणजे तो शरण येई.

परंतु ओमर बार्टोव्ह यांनीं १९९१ मध्यें यावर मोठा आक्षेप घेतला. पूर्व आघाडीवर माणसें इतक्या वेगानें मरत होतीं, कीं जुन्या सोबत्यांची तुकडी टिकतच नसे. तरीहि सैन्य लढलें. तेव्हां दुसरीं कारणें पाहावयास हवींत. एक, वर्षानुवर्षांचा प्रचार. दुसरें, सूडाचें भय. जर्मनांच्या कैदेंत सुमारें ३० लाख सोव्हिएट युद्धकैदी मेले होते, आणि आपल्या हातून काय घडलें, हें पुष्कळांना ठाऊक होतें. तिसरें, स्वतःच्याच सैन्याची जरब. पहिल्या महायुद्धांत जर्मन लष्करानें आपल्या ४८ सैनिकांना देहान्त शासन दिलें. दुसऱ्यांत हा आंकडा १५,००० च्या वर गेला.

हीं उत्तरें परस्परांस सर्वस्वी छेदणारीं नाहींत. सोबत्यावरील माया आणि फांसाची भीति एकाच मनांत नांदूं शकतात. मात्र चिवटपणा म्हणजे पक्ष न्याय्य असल्याचा पुरावा नव्हे. आघाडी टिकली तितके दिवस तिच्यामागें छळछावण्याहि चालू राहिल्या. डाखाऊची छावणी मुक्त झाली ती २९ एप्रिल १९४५ रोजीं. मित्राला न सोडणें हा सद्गुणच. पण तो कोणाच्या कामीं येत आहे, हा प्रश्न त्या सद्गुणानें सुटत नाहीं.