सोनखत

(आपण ज्याला घाण म्हणतो, त्यातूनच जमिनीचे अन्न कसे तयार होते, या कामासाठी महाराष्ट्रातील दोन माणसांनी काय केले आणि त्यात कोणती काळजी घ्यावी लागते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मित्रांनो, उर्दूत ‘खत’ म्हणजे चिठ्ठी. मराठीत मात्र ‘खत’ हा शब्द ऐकला, की शेत डोळ्यांसमोर येते. पीक चांगले यावे म्हणून जमिनीला जे अन्न देतात, ते खत. तुम्ही उर्दूत त्याला ‘खाद’ म्हणता. शेणखत, लेंडीखत, कंपोस्ट खत, रासायनिक खत ही नावे तुम्ही ऐकली असतील. मराठीत आणखी एक जुना शब्द आहे, ‘सोनखत’. माणसाच्या मैल्यापासून जे खत तयार होते, त्याला सोनखत म्हणतात. ज्या वस्तूचे नाव काढले तरी आपण नाक मुरडतो, तिला शेतकऱ्यांनी सोन्याचे नाव का दिले असेल?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपण बीड जिल्ह्यातील एखाद्या शेतात जाऊ. बालाघाटच्या डोंगराळ भागात जमीन हलकी आणि मुरमाड आहे. गोदावरीच्या काठाला ती काळी आणि खोल आहे. जमीन कशीही असो, पिकाला तिच्यातून तीन गोष्टी प्रामुख्याने लागतात: नत्र, स्फुरद आणि पालाश. नत्रामुळे पाने हिरवीगार होतात व वाढ जोमाने होते. स्फुरदामुळे मुळे बळकट होतात आणि दाणे भरतात. पालाशामुळे पिकाला रोगाशी आणि पाण्याच्या ताणाशी झगडण्याची ताकद मिळते.

रब्बी हंगामात ज्वारी तयार होते. ही तीनही द्रव्ये जमिनीतून निघून ज्वारीच्या दाण्यात आणि कडब्यात येतात. ज्वारीची पोती बाजारात जातात. तेथून ती बीड, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशा शहरांत पोचतात. लोक भाकरी खातात. भाकरीतून शरीराला शक्ती मिळते. पण मोठ्या माणसाच्या शरीरात नत्र, स्फुरद आणि पालाश साठून राहत नाहीत. जेवढे पोटात जातात, जवळजवळ तेवढेच मलमूत्रातून बाहेर पडतात. म्हणजे शेतातून निघालेले धन नष्ट झालेले नसते. ते फक्त जागा बदलते. शेतात परत जाण्याऐवजी ते गटारात, नाल्यात आणि नदीत जाते. तेथे ते पाणी नासवते आणि इकडे शेत मात्र दरवर्षी थोडे थोडे गरीब होत जाते.

मग शेतकरी दुकानातून खताची गोणी आणतो. युरियातील नत्र हवेतून घेतलेले असते, पण ते मिळवण्यासाठी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर नैसर्गिक वायू खर्च होतो. स्फुरद एका विशिष्ट खडकापासून काढतात. हा खडक जगात थोड्याच देशांत विपुल सापडतो आणि तो खाणीतून एकदा काढला, की पुन्हा तयार होत नाही. आपल्या देशाला लागणारे पालाश जवळजवळ सगळे परदेशातून येते. म्हणजे एका हाताने आपण धन नाल्यात सोडतो आणि दुसऱ्या हाताने तेच धन परदेशातून विकत आणतो.

थोडा हिशेब करून पाहू. आपल्याकडील आहाराचा विचार करता एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे अडीच किलो नत्र बाहेर पडते. पाच माणसांच्या कुटुंबाचे झाले साडेबारा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे एक कुटुंब वर्षाला अर्ध्या गोणीपेक्षा जास्त युरियाइतके नत्र टाकून देते. एका घराचा हा आकडा लहान वाटेल. पण एका गावाचा, एका तालुक्याचा, एका जिल्ह्याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

जुन्या काळच्या शेतकऱ्यांना ही किंमत माहीत होती. चीनमध्ये शेकडो वर्षे मैला खत म्हणून वापरत. जपानमध्ये एदो नावाचे मोठे शहर होते. त्यालाच आज टोकियो म्हणतात. आसपासचे शेतकरी या शहरातील मैला चक्क पैसे देऊन विकत नेत. भारतातही १९३९ च्या सुमारास डॉ. आचार्य या शास्त्रज्ञांनी बंगळूर येथे एक पद्धत बसवली. जमिनीत चर खणायचा, त्यात शहरातील कचरा आणि मैला यांचे एकावर एक थर द्यायचे आणि वरून मातीने झाकायचे. काही महिन्यांत आत खत तयार होई. अनेक नगरपालिकांनी ही पद्धत स्वीकारली आणि ते खत शेतकऱ्यांना विकले.

मग सोनखत सगळीकडे का पसरले नाही? त्याच्या वाटेत दोन मोठे अडथळे होते. पहिला अडथळा रोगाचा आणि दुसरा अन्यायाचा.

ताज्या मैल्यात पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ अशा रोगांचे जंतू असू शकतात. पोटातील जंतांची अंडी तर फारच चिवट असतात. ती मातीत कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून कच्चा मैला शेतात टाकणे म्हणजे रोगाला घरी बोलावणे होय. मैला आणि सोनखत या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. मैल्याचे खत होण्यासाठी उष्णता लागते किंवा पुरेसा काळ जावा लागतो.

दुसरा अडथळा याहून दुःखाचा आहे. आपल्या देशात मैला उचलण्याचे काम ठरावीक जातींवर लादले गेले होते. लोक संडासात जाऊन मोकळे होत आणि त्यांचा मैला दुसऱ्याच माणसांना टोपलीत भरून डोक्यावरून वाहावा लागे. त्या माणसांना कोणी जवळ येऊ देत नसे. खत शेताला मिळे, पैसे नगरपालिकेला मिळत आणि अपमान मात्र या माणसांच्या वाट्याला येई. ही प्रथा बंद करण्यासाठी १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले. ज्या खतासाठी माणसाला माणूस म्हणून जगता येत नाही, त्याला सोनखत कसे म्हणायचे?

हा प्रश्न ज्यांच्या मनाला लागला, त्यांत अप्पासाहेब पटवर्धन यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचा जन्म १८९४ सालचा. उच्चवर्णीय घरातील हा सुशिक्षित तरुण गांधीजींच्या विचारांनी भारावला आणि कोकणात काम करू लागला. लोक त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हणत. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातही मैला साफ करण्याचे काम जात पाहून दिले जाई. अप्पासाहेबांनी ते काम स्वतःसाठी मागितले. अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी अन्नत्याग सुरू केला. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना समजली. डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. शेवटी सरकारला नमते घ्यावे लागले.

पुढे १९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापन केला. केवळ झाडू हातात घेऊन हा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. संडासाची रचनाच अशी हवी, की कोणालाही दुसऱ्याचा मैला उचलावा लागू नये आणि मैल्याचे जागच्या जागी खत व्हावे. आश्रमात त्यांनी अशा साध्या, स्वस्त संडासांचे प्रयोग केले. ‘गोपुरी संडास’ या नावाने ते ओळखले गेले. अप्पासाहेब १९७१ साली वारले.

त्यांचा वारसा पुणे जिल्ह्यातील एका डॉक्टरांनी पुढे नेला. त्यांचे नाव डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर. १९६० च्या आसपास ते देहू गावच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. देहू हे संत तुकारामांचे गाव, इंद्रायणीच्या काठी वसलेले. दवाखान्यात पोटाच्या विकारांचे रोगी सतत येत. औषध दिले, की ते बरे होत आणि काही दिवसांनी पुन्हा येत. रोगाचे मूळ उघड्यावर शौचाला बसण्यात आहे, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्यांनी घरोघरी जाऊन लोकांना समजावले आणि गावात शौचालये बांधायला लावली. अप्पासाहेबांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन त्यांनी शौचालयाला जोडलेले गॅसचे संयंत्र विकसित केले. त्याला त्यांनी ‘मलप्रभा’ हे सुंदर नाव दिले. प्रभा म्हणजे प्रकाश. या संयंत्रातील गॅसवर स्वयंपाक होतो आणि उरलेला गाळ खत म्हणून वापरता येतो. देहूला त्यांनी सुरू केलेल्या संस्थेलाही अप्पासाहेबांचेच नाव दिले. डॉ. मापुसकर २०१५ साली वारले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर ‘पद्मश्री’ देण्यात आली.

आज खेड्यातल्या घरासाठी सर्वांत सोपी पद्धत म्हणजे दोन शोषखड्ड्यांचे शौचालय. त्यात सुमारे एक मीटर खोलीचे दोन खड्डे असतात. त्यांच्या भिंतींना जाळीसारखी छिद्रे ठेवतात आणि तळ मातीचाच असतो. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. पाणी आणि वायू आजूबाजूच्या मातीत मुरतात. पाच-सहा माणसांच्या घरात खड्डा भरायला साधारण तीन वर्षे लागतात. तो भरला, की त्याचे तोंड बंद करायचे आणि दुसरा खड्डा सुरू करायचा. बंद खड्ड्याला कमीत कमी एक वर्ष, शक्य तर दीड-दोन वर्षे हात लावायचा नाही. या काळात मातीतील सूक्ष्म जीव आपले काम करतात. मैल्याचे विघटन होते आणि रोगजंतूंना अन्न मिळेनासे होऊन ते मरतात. जंतांची चिवट अंडीही हळूहळू नष्ट होतात. खड्डा उघडला, तर आत काळसर, भुसभुशीत, वास नसलेली माती दिसते. हेच सोनखत! फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली या गावी केंद्र सरकारचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी आपल्या हातांनी हे खत बाहेर काढले. त्यात घाण उरलेली नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते.

या पद्धतीचा बीडसारख्या जिल्ह्याला आणखी एक फायदा आहे. तीव्र उताराचे भांडे बसवले, तर प्रत्येक वेळी एक-दोन लिटर पाणी पुरते. जेथे उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे ही बचत मोलाची आहे. शिवाय सोनखतात सेंद्रिय पदार्थ असतात. ते जमिनीत ओल धरून ठेवतात. मुरमाड जमिनीत तर याचा फार उपयोग होतो. युरियाची गोणी नत्र देते, पण ओल धरून ठेवत नाही.

मात्र काही गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. खड्डा विहिरीपासून किमान दहा मीटर दूर असावा. काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही; म्हणून तेथे खड्ड्याच्या बाहेरून वाळूचा थर द्यावा. दोन्ही खड्डे एकाच वेळी वापरू नयेत. खत काढल्यावर ते उन्हात वाळवावे आणि मातीत मिसळावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना ते घालू नये. झाडे, कापूस, ज्वारी यांना घालावे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. आणखी एक गोष्ट खरी, की लघवीतील बरेचसे नत्र अशा खड्ड्यातून मातीत मुरून जाते. म्हणून सोनखताने दुकानातील खताची गरज संपत नाही. ती कमी होते.

शहरात घरे दाट असतात आणि प्रत्येक घराला खड्ड्यांसाठी जागा नसते. तेथे सेप्टिक टँक असतात. त्यांतील गाळ माणसाने आत उतरून काढणे बेकायदेशीर आहे आणि जीवघेणेही आहे. विषारी वायूमुळे अशा टाक्यांत अनेक कामगारांचे प्राण गेले आहेत. हा गाळ यंत्राच्या गाडीनेच उपसला पाहिजे आणि प्रक्रिया केंद्रात नेला पाहिजे. बंगळूरजवळच्या देवनहळ्ळी या गावी २०१५ साली असे केंद्र सुरू झाले. तेथे गाळापासून खत तयार करण्यात आले.

मित्रांनो, जमीन आपल्याला उधार देते. भाकरीच्या रूपाने आपण ते उधार घेतो. ते परत करणे हा साधा व्यवहार आहे. पण परतफेड करताना कोणाच्या आरोग्याला धोका पोचता कामा नये आणि आपले ओझे दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर देता कामा नये. या दोन अटी पाळल्या, तरच त्या खताला सोन्याचे नाव शोभेल.

स्वाध्याय

१. ‘खत’ या शब्दाचे मराठीतील व उर्दूतील अर्थ सांगा.
२. शेतातील नत्र, स्फुरद व पालाश नदीपर्यंत कसे पोचतात?
३. सोनखताच्या प्रसाराच्या वाटेत कोणते दोन अडथळे होते?
४. अप्पासाहेब पटवर्धनांनी तुरुंगात अन्नत्याग का केला?
५. बंद केलेला खड्डा लगेच का उघडू नये?
६. तुमच्या परिसरातील दहा घरांत मिळून किती माणसे राहतात ते विचारा. त्यावरून वर्षाला किती किलो नत्र वाया जाते, याचा हिशेब करा.