शेव्हेलला कूलर, मूळ रूप राखून

१९६९ च्या शेव्हेल एसएस ३९६ मध्ये मिळणारा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दणकट आहे. त्याचा खरा शत्रू उष्णता. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळून तापतं, आणि ते निववण्याची मूळ सोय रेडिएटरच्या टाकीतच असते. पण तिथलं पाणी स्वतःच गरम, त्याहून तेल थंड होणार कसं? तेल अति तापलं की करपतं, सील कडक होतात, क्लच घसरू लागतात. म्हणून रेडिएटरमधून परतणाऱ्या तेलाच्या वाटेवर, समोरच्या जाळीमागे, वाऱ्यावर निवणारा छोटा कूलर जोडणं मला आवश्यक वाटतं.

मूळपणा बिघडतो ही तक्रार रास्त आहे, पण डोळ्यांत खुपते ती बहुधा जोडणी: रबरी नळ्या, चकचकीत क्लॅम्प, रेडिएटरच्या पात्यांतून आरपार ओवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या (त्या पाती झिजवतात, हे आणखी वाईट). मूळ नळ्यांच्या वळणाने वाकवलेल्या स्टीलच्या नळ्या, फ्लेअर केलेली टोकं, मंद काळा रंग आणि आधीच्याच भोकांत बसणारा ब्रॅकेट वापरला, तर नजर अडत नाही आणि उद्या सगळं काढताही येतं. थंडीत तेल फाजील गार होईल, हा आक्षेप कडक हिवाळ्याच्या प्रदेशात खरा आहे. तिथे तापमानानुसार उघडणारा बायपास व्हॉल्व्ह बसवावा.