कुशीचे आठ गुण

"एकटा झोपायला घाबरतो?" डॉक्टरांनी तमिळमध्ये विचारलं, मी मराठीत. आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. "एकटं कशाला निजंल? माझ्याच कुशीत असतंय की."

चेन्नईच्या साहुकारपेठेत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या दुकानावर एक खोली, त्यात पाच माणसं. मूळ घर विट्याकडचं. पोरगा सहा वर्षांचा, वर्गात पेंगतो म्हणून बाईंनी दवाखान्यात दाखवायला सांगितलेलं. दोन्ही भाषा येतात म्हणून मी सोबत.

डॉक्टरांच्या हातातली मुलांच्या झोपेची प्रश्नावली ज्युडिथ ओवेन्स आणि सहकाऱ्यांची, २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली. ३३ प्रश्न मोजायचे, प्रत्येकाला एक ते तीन गुण. गुण जास्त, तेवढी झोप बिघडलेली. आठवड्यातल्या पाच ते सात रात्री घडलं तर 'नेहमी', दोन ते चार रात्री 'कधीकधी'. आपलं 'कधीकधी' असं मोजलेलं नसतं. मी बोटं धरून विचारत गेले: काल? परवा? सोमवारी? सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.

बेरीज ४१ झाली की काळजीचं. आता पाहा. स्वतःच्या अंथरुणात झोपत नाही, दुसऱ्याच्या झोपतो, आई खोलीत लागते, एकटं झोपायची भीती वाटते: प्रत्येकी दोन जादा. बाकी काहीही दुखणं नसलं तरी ३३ आणि आठ, ४१! आणि झोपेतल्या श्वासावर प्रश्न तीनच. तिन्हींना 'नेहमी' म्हटलं तरी भर सहाची. म्हणजे एकट्यानं झोपणारं, रात्रभर श्वासासाठी झगडणारं मूल ३९ वर सुटू शकतं. आईच्या उबेला आजार ठरवणारी बेरीज मला मान्य नाही. या डॉक्टरही बेरजेवर थांबल्या नाहीत. एकेक उत्तर वाचत होत्या.

"कुरट्टै?"

"घोरतो का?"

आईचा चेहरा खुलला. "लई! बापावर गेलंय. गाढ झोप लागती त्येला."

आमच्याही घरी घोरणं म्हणजे गाढ झोप असंच मानायचे. पण टॉन्सिल, अॅडेनॉइड वाढले असले की झोपेत सैल पडलेला घसा आणखी अरुंद होतो, श्वास अडतो, मेंदू पुन्हा पुन्हा अर्धवट जागा होतो. दहा तास झोपूनही पोर सकाळी शिणलेलंच.

"मध्येच श्वास थांबतो?" यावर ती गप्प झाली. रात्री तीही दमून झोपते. डॉक्टरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून आणायला सांगितला.

पुढच्या खेपेला फोन टेबलावर ठेवला. पंख्याची घरघर, त्यावर पोराचं घोरणं. मग नुसता पंखा. आईनं शेजारी उभ्या पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून ती पडद्याकडे पाहत राहिली.