गाण्याविना, गर्दीविना : एक रात्र, एक घर, एक खून

हिंदी चित्रपट म्हटला की सहा-सात गाणी, विनोदी पात्र आणि तीन तासांचा ऐवज असे समीकरण ठरलेले. १९६९ साली 'इत्तेफाक'ने ते मोडले. बी. आर. फिल्म्सचा हा रहस्यपट यश चोप्रा यांनी दिग्दर्शित केला. त्यात एकही गाणे नाही. 'धुम्मस' या गुजराती नाटकावर बेतलेला हा चित्रपट साधारण महिनाभरात चित्रित झाला. यश चोप्रांना त्यासाठी उत्कृष्ट दिग्दर्शनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

दिलीप रॉय (राजेश खन्ना) हा चित्रकार. पत्नीच्या खुनाचा आरोप त्याच्यावर येतो. न्यायालयात त्याचा तोल जातो आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. तेथून पळून तो रात्री एका बंगल्यात शिरतो. घरात रेखा (नंदा) एकटीच. दारावर पोलीस, आत फरारी आरोपी. त्यातच न्हाणीघरात त्याला एक प्रेत दिसते आणि नंतर ते तेथून नाहीसे होते! पुढचे सांगितले तर वाचकांची मजा जाईल, म्हणून येथेच थांबतो.

आम्ही हा चित्रपट नुसता प्रेक्षक म्हणून पाहिलेला नाही. एक लहानसा चित्रपट काढावा, ही आमची जुनी इच्छा आहे. दिवसभर कचेरीत आकडे लिहावयाचे आणि रात्री पटकथेचे कागद काढावयाचे, असे चालले आहे. वस्तीतील नाटकाचा अनुभव गाठीशी आहे, पैसा नाही. म्हणून आम्ही या चित्रपटाचा जमाखर्च मांडून पाहिला.

खर्चाची बाजू लहान : बहुतांशी एकच घर, एकच रात्र आणि मोजकी पात्रे. जमेची बाजू मात्र मोठी. जिना, बंद दार, टेलिफोन, दारावरची घंटा, पावलांचा आवाज याच घरगुती वस्तूंतून भीती उभी केली आहे. दूरध्वनी वाजला की आपणच दचकतो. सलील चौधरींचे पार्श्वसंगीत नेमके लागते तेथेच येते. प्रेक्षकाला दिलीपपेक्षा जास्त काही कळू दिलेले नाही. त्यामुळे त्याच्याबरोबर आपणही गोंधळतो आणि 'हा खरेच वेडा आहे काय?' असा संशय आपल्याही मनात येतो.

पात्रनिवडही शिकण्यासारखी आहे. नंदा म्हणजे मराठीतील नामवंत नट-दिग्दर्शक मास्टर विनायक यांची कन्या. 'छोटी बहन' (१९५९) पासून सोज्वळ बहीण म्हणून ती घराघरांत ठाऊक. तिचा चेहरा पाहिला की प्रेक्षक आधीच विश्वास टाकतो. दिग्दर्शकाने त्या विश्वासाचाच उपयोग करून घेतला आहे. उलट राजेश खन्नाचा वाढलेल्या दाढीचा, भेदरलेला चेहरा पाहून आपण त्याला मनातल्या मनात दोषी ठरवतो.

आमच्या मते चित्रपटाचा खरा ऐवज येथे आहे. एकदा 'खुनी' आणि 'वेडा' असे दोन शिक्के बसले की माणसाने डोळ्यांनी पाहिलेलेही कोणी खरे धरीत नाही. बंगल्यातील बाईचा शब्द मात्र चटकन पटतो. पुरावा आधी की शिक्का आधी, हा प्रश्न केवळ पडद्यावरचा नाही. पोलीस चौकीची पायरी चढलेल्या कुणालाही तो विचारून पाहावा.

दोषही आहेत. मनोरुग्णालयातील प्रसंग भीती वाढविण्यापुरतेच वापरले आहेत. आजारी माणसाविषयी कणव त्यात दिसत नाही. शेवटचे खुलासे भराभर तोंडी उरकले आहेत. २०१७ साली याच नावाचा नवा चित्रपट आला, पण जुन्याची घुसमट वेगळीच.

आपल्या मुलामुलींपैकी कुणाला चित्रपट काढावयाचा असेल, तर त्यांनी हा दोनदा पाहावा. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा वही-पेन्सिल घेऊन, कोणती गोष्ट प्रेक्षकापासून कधी लपवली आणि कधी दाखवली, याची नोंद करीत. आज कॅमेरा मोबाइलमध्येच आहे. एक खोली शेजाऱ्याकडूनही मागून मिळेल. राहिली ती पटकथा. ती मात्र आपली आपणच बसून लिहावी लागेल.