काडतुसातला कागद

इतिहासाच्या तासाला १८५७ चा उठाव चालू होता. 'काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली असे आणि ती दातांनी तोडावी लागत,' हे वाक्य आपण शाळेपासून इतक्या वेळा पाठ केले आहे की, ते ऐकून आता कोणी मानही वर करीत नाही. त्या दिवशी मात्र मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, काडतुसाला चरबी लागतेच कशाला? आणि पितळेचे काडतूस दातांनी तुटेल कसे?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "शोधून काढा आणि वार्षिकांकासाठी लिहून आणा," एवढेच म्हणाले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या आज्ञेचे पालन होय.

पहिली गोष्ट अशी की, ते काडतूस पितळेचे नव्हतेच. ते कागदाचे होते. 'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. त्यांचा मूळ शब्द 'कार्तुशु'. त्याच्याही मुळाशी गेले तर इटालियन भाषेतील 'कार्ता', म्हणजे कागद, हा शब्द सापडतो. काडतूस म्हणजे मुळात कागदाची पुडी. वाण्याकडे साखरेची पुडी मिळते तशी ही दारूची आणि गोळीची पुडी.

आता ही पुडी कशासाठी? आपल्या किनवटच्या डोंगरपट्ट्यात ठासणीची बंदूक पाहिलेली वडीलधारी माणसे अजून आहेत. त्यांना विचारावे. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. बोळा सैल राहिला तर दारूचा जोर बाजूने निसटतो आणि बार फुसका जातो. रानडुकराला पळवायला तेवढे चालते. पण लांबवरचा नेम धरायचा असेल तर चालत नाही, कारण गुळगुळीत नळीतून सैल गोळी कशीही बाहेर पडते.

यावर तोड म्हणजे नळीच्या आतून पिळाचे आटे पाडणे. आट्यांत घट्ट बसलेली गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. यालाच रायफल म्हणतात. पण येथे नवी अडचण उभी राहते. आट्यांत घट्ट बसणारी गोळी नळीच्या तोंडातून खाली उतरेल कशी? ती ठोकून ठोकून बसवावी लागे आणि त्यात वेळ जाई. शिवाय काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळाली की निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो आणि त्यातला काही काजळी होऊन नळीतच बसतो. चार बार झाले की नळी आणखी अरुंद होते.

फ्रान्सच्या मिन्ये नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४९ च्या सुमारास युक्ती काढली, की गोळी लांबट करावी, तिच्या बुडाशी खळगा ठेवावा आणि तिचा व्यास नळीपेक्षा किंचित कमी असावा. अशी गोळी सहज खाली उतरते. बार होताच वायूच्या दाबाने मऊ शिसे फुगते आणि आट्यांत रुतते. याच तत्त्वावर १८५३ ची एनफिल्ड रायफल बनली. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, तर प्रिचेट नावाच्या गोळीचा ०.५६८ इंच. फरक सुमारे पाव मिलिमीटरचा. तो फरक भरून काढी कागद.

शिपायाची कवायत अशी असे : पुडीचे दारूकडचे टोक दातांनी फोडायचे, कारण एक हात बंदुकीला आणि दुसरा पुडीला गुंतलेला. दारू नळीत ओतायची. मग पुडी उलटी करून गोळीकडचे टोक नळीत घालायचे, वरचा रिकामा कागद तोडून टाकायचा आणि गोळी तिच्याभोवतीच्या कागदासकट गजाने खाली ठासायची. या कागदाला बाहेरून चरबी व मेण लावलेले असे. त्यामुळे गोळी सहज सरकते, काजळी मऊ राहते आणि शिसे नळीला चिकटत नाही. बार झाला की कागद आट्यांत दाबला जातो आणि तोंडाबाहेर पडताच फाटून गळून जातो. गोळी एकटी पुढे जाते.

परदेशांत आजही काही हौशी नेमबाज काळ्या दारूच्या रायफलीसाठी अशा गोळ्या हाताने तयार करतात. चिवट, पातळ कागदाची पट्टी ओली करून गोळीभोवती दोन वेढे देतात. पट्टीची टोके तिरपी कापतात, म्हणजे सांधा एकावर एक चढत नाही. उरलेले शेपूट पिळून बुडाशी दुमडतात. कागद सुकताना आकसतो आणि गोळीला आवळून बसतो. वेढा एका जागी जरी जाड राहिला तरी नेम चुकतो.

म्हणजे चरबीला कारण होते आणि कागदालाही होते. दातांनी पुडी फोडण्याची रीत तर जुन्या बंदुकीपासून चालत आलेली. चरबी गोळीच्या टोकाला आणि दात दुसऱ्या टोकाला! पण ज्याला स्पर्शानेही बाटण्याचे भय, त्याला हा हिशेब काय कामाचा? चरबी कोणत्या जनावराची, हे पुरवठ्याच्या करारात बजावलेलेच नव्हते.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे कुजबुज सुरू झाली. शिपायांनी आपल्या हाताने तेल-मेण लावावे, अशी सवलत त्याच महिन्यात दिली गेली. पुढे दातांऐवजी हातांनी पुडी फोडण्याची मुभाही मिळाली. उपयोग झाला नाही. बराकपूरच्या शिपायांना आता कागदाचाच संशय येऊ लागला होता : हा इतका चकचकीत का दिसतो? मेरठला २४ एप्रिल रोजी ८५ स्वारांनी जी काडतुसे नाकारली, ती तर जुन्या प्रकारचीच होती. ९ मे रोजी त्यांना बेड्या घातल्या गेल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटले.

ही हकीकत मराठीतही उतरलेली आहे. दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघालेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांना महूजवळ शिपायांकडून काडतुसांची गोष्ट कळली. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापले गेले. अर्थात केवळ काडतुसाने एवढा वणवा पेटत नाही. आपल्या शेजारच्या निर्मल भागात रामजी गोंड लढला आणि १८६० मध्ये फासावर गेला. त्याच्या लढ्याला काडतुसाचे निमित्त लागले नव्हते.

मला या साऱ्यात एकच गोष्ट लागून राहिली. पाव मिलिमीटरची फट कशी भरावी, याचा विचार कारखान्यात बारकाईने झाला. ती पुडी ज्याच्या ओठांशी जाणार होती, त्याला मात्र कोणी आधी विचारले नाही, आणि समजावूनही सांगितले नाही. संशय आल्यावर दिलेला खुलासा कितीही खरा असला तरी तो पटत नाही.

मागच्या बाकावरच्या मित्राचे म्हणूनच आभार. पाठ केलेल्या वाक्याला 'कशाला?' असे त्याने विचारले नसते, तर हा कागद उलगडलाच नसता.